पासवर्ड बरोबर, तरी रिमोट डेस्कटॉप आत घेत नाही

टॅलीच्या मशीनवर नवीन अकाउंटंटला रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ते मशीन लांबून वापरायची विंडोजची सोय, द्यायचं असतं. युजर तयार होतो, पासवर्ड दिला जातो, तो घरून जोडून बघतो आणि समोर ओळ येते: "द कनेक्शन वॉज डिनाइड बिकॉज द युजर अकाउंट इज नॉट ऑथोराइज्ड फॉर रिमोट लॉगिन." यानंतर बहुतेक ऑफिसांत दोनपैकी एक प्रकार होतो. कुणी फायरवॉल बंद करून बघतं, नाहीतर युजरला सरळ ऍडमिनिस्ट्रेटर करून टाकतं. पहिल्याने काहीही फरक पडत नाही. दुसऱ्याने काम होतं, आणि मग मूळ भानगड काय होती हे कुणी बघतच नाही.

ही ओळ नीट वाचली तर निम्मं काम तिथेच होतं. ती दिसली याचा अर्थ तुमचं मशीन समोरच्या मशीनपर्यंत पोचलं, ३३८९ पोर्ट (नेटवर्कवरून रिमोट डेस्कटॉपकडे जायची वाट) उघडा आहे आणि फायरवॉलने अडवलेलं नाही. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे एनएलए, चालू असेल (विंडोज १० आणि ११ वर ते मुळातच चालू असतं), तर युजरनेम आणि पासवर्डही जुळलेत, कारण एनएलए त्यांची तपासणी आधी करतं आणि सेशनचा विचार नंतर. अडलंय ते फक्त परवानगीपाशी. तेव्हा राउटर, केबल, फायरवॉल, पासवर्ड यांच्या वाटेला जाऊ नका.

"टु साइन इन रिमोटली, यू नीड द राइट टु साइन इन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस" अशी सुरुवात असलेला लांबलचक मेसेज आला तरी दुखणं हेच. याउलट "लॉगऑन अटेम्प्ट फेल्ड" म्हणजे बहुधा नाव किंवा पासवर्ड चुकलं, आणि "कान्ट कनेक्ट टु द रिमोट कॉम्प्युटर" म्हणजे मशीन बंद, रिमोट डेस्कटॉप बंद किंवा वाटेत कुणीतरी अडवतंय. त्या दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्या मशीनवर लॉगिन करायचंय तिथे विंडोजची होम आवृत्ती असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. होमवरून दुसरीकडे जाता येतं, होमवर बाहेरून येता येत नाही. समोर प्रो, एंटरप्राइझ, एज्युकेशन किंवा सर्व्हरच हवं. स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप केलं की आवृत्ती कळते. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

दोन कुलपं, एक जुडगा

रिमोट डेस्कटॉपच्या दाराला दोन कुलपं आहेत, आणि हे माहीत नसल्यामुळेच लोक तासन्‌तास चाचपडतात.

पहिलं कुलूप आरडीपी-टीसीपी नावाच्या लिसनरवर, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी घेणाऱ्या विंडोजच्या भागावर. या लिसनरची स्वतःची परवानगीची यादी असते. मुळात त्यात ऍडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपला पूर्ण हक्क आणि 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' ग्रुपला जोडण्यापुरता हक्क दिलेला असतो.

दुसरं कुलूप सिक्युरिटी पॉलिसीत. 'सेकपॉल डॉट एमएससी' उघडून लोकल पॉलिसीज, मग युजर राइट्स असाइनमेंटमध्ये गेलं की "अलाउ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस" ही नोंद दिसते. साध्या पीसीवर आणि साध्या सर्व्हरवर इथेही तेच दोन ग्रुप असतात.

म्हणजे 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' हा ग्रुप किल्ल्यांचा जुडगा आहे, दोन्ही कुलपांच्या किल्ल्या त्यात एकत्र अडकवलेल्या. युजरला या ग्रुपमध्ये घातलं की दोन्ही कुलपं उघडतात. आता फसगत कुठे होते बघा. कुणीतरी वाचतं की युजरला "अलाउ लॉग ऑन" चा हक्क हवा. मग तो सेकपॉलमध्ये जाऊन युजरचं नाव थेट त्या नोंदीत घालतो आणि ग्रुपकडे बघतही नाही. दुसरी किल्ली मिळाली, पहिली नाही. मेसेज तोच. पॉलिसीत नाव डोळ्यांना दिसतंय आणि तरी आत घेत नाही, म्हणून माणूस वैतागतो.

याच्या बरोबर उलटा प्रकार डोमेन कंट्रोलरवर होतो. डोमेन म्हणजे एकाच कारभाराखाली जोडलेली ऑफिसची मशीन आणि खाती, आणि ती खाती सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. तिथे "अलाउ लॉग ऑन" च्या नोंदीत मुळात फक्त ऍडमिनिस्ट्रेटर्स असतात. युजरला ग्रुपमध्ये घातलं की लिसनरची किल्ली मिळते, हक्काची मिळत नाही. ही चूक नव्हे, मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तसं ठेवलंय. डोमेन कंट्रोलरवर साध्या युजरने लॉगिन करायचं काहीच कारण नसतं. ज्या ऑफिसात एकच सर्व्हर आहे आणि डोमेन, फाइल शेअरिंग, टॅली सगळं त्यावरच कोंबलेलं आहे, तिथे हा प्रश्न हमखास येतो. डोमेन कंट्रोलर्सच्या पॉलिसीत ग्रुपचं नाव घालून तो सोडवता येतो, पण टॅली दुसऱ्या मशीनवर हलवणं जास्त शहाणपणाचं.

ग्रुपमध्ये घालताना

विंडोज ११ वर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप अशी वाट. त्या पानावर खाली 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' असं लिहिलेली ओळ आहे, ती दाबली की छोटी खिडकी उघडते. खिडकीत यादी असते आणि यादीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुक युजरला आधीच परवानगी आहे. ते नाव सध्या मशीनवर बसलेल्या ऍडमिनिस्ट्रेटरचं. नव्या युजरचं नाही. घाईत ती ओळ वाचून "परवानगी तर आहे" म्हणत खिडकी बंद करणारे बरेच असतात.

ऍड दाबल्यावर नाव टाकायच्या आधी 'लोकेशन्स' कडे बघा. मशीन डोमेनमध्ये असेल तर तिथे डोमेनचं नाव आलेलं असतं. युजर या मशीनपुरता लोकल असेल तर लोकेशन बदलून मशीनचं नाव निवडावं लागतं, नाहीतर 'चेक नेम्स' दाबल्यावर नाव सापडत नाही किंवा डोमेनमधला त्याच नावाचा दुसराच कुणीतरी आत जातो. चेक नेम्सनंतर नावाखाली रेघ आली पाहिजे आणि नावाच्या आधी मशीनचं किंवा डोमेनचं नाव लागलं पाहिजे. तेवढं बघूनच ओके करा.

कमांडने करायचं तर ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर: नेट लोकलग्रुप "रिमोट डेस्कटॉप युजर्स" युजरचं-नाव /ऍड. ग्रुपच्या नावाला अवतरणचिन्हं हवीतच, कारण मध्ये स्पेस आहेत. हीच कमांड नाव आणि /ऍड न लिहिता चालवली की ग्रुपची सध्याची यादी मिळते. खिडकीपेक्षा ही यादी मला जास्त भरवशाची वाटते.

मिळत्याजुळत्या नावाचा 'रिमोट मॅनेजमेंट युजर्स' हाही ग्रुप शेजारीच असतो. तो पॉवरशेलने लांबून कमांड चालवण्यासाठी आहे, रिमोट डेस्कटॉपशी त्याचा संबंध नाही. यादीत एकाखाली एक दिसतात म्हणून चुकीच्यावर क्लिक होतं.

लोकल ग्रुपमध्ये घातल्यावर मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही, पुढच्या लॉगिनला परवानगी लागू होते. डोमेनच्या ग्रुपमार्फत परवानगी दिली असेल तर मात्र युजरने आपल्या मशीनवरून साइन आउट करून परत यावं, कारण साइन इन करताना मिळालेल्या जुन्या तिकिटात (ओळखीच्या पुराव्यात) नवा ग्रुप नसतो. ऑफिसं दोन गावांत असतील, समजा पुण्यात एक डोमेन कंट्रोलर आणि नागपुरात दुसरा, तर पुण्यात केलेला बदल नागपूरला पोचायला वेळ लागतो. दोन साइटमधलं रेप्लिकेशन मुळात दर १८० मिनिटांनी होतं. तेवढ्यात "झालं का? होत नाहीये" असे चार फोन येऊन जातात.

यादीत नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांब आकडा दिसला तर ते डिलीट झालेलं खातं आहे, किंवा डोमेनशी संपर्क तुटलाय म्हणून नाव सापडत नाहीये. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, त्या आकड्याने ओळखते. युजर डिलीट करून त्याच नावाने पुन्हा बनवला तर आकडा नवा येतो आणि जुन्या सगळ्या परवानग्या गळतात. पासवर्ड विसरला म्हणून युजर डिलीट करून नवा बनवायची सवय असेल तर ती आजच सोडा. पासवर्ड रिसेट करा.

कोण आहे हे आधी ठरवा

परवानगी एका खात्याला दिली आणि लॉगिन दुसऱ्याच खात्याने चाललंय, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. नुसतं "सुनीता" टाइप केलं तर लॉगिन करणारं मशीन पुढे स्वतःच्या डोमेनचं नाव जोडू शकतं. म्हणून नाव नेहमी पूर्ण लिहा: लोकल खातं असेल तर समोरच्या मशीनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग युजरनेम. डोमेनचं असेल तर मशीनच्या जागी डोमेनचं नाव.

युजरनेम कोणतं, हेही खात्रीने बघा. विंडोजच्या लॉगिन पडद्यावर दिसतं ते पूर्ण नाव असतं, ते लॉगिनचं नाव असेलच असं नाही. पूर्ण नाव नंतर बदललं तरी लॉगिनचं नाव जुनंच राहतं. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमधल्या नावावरही भरवसा ठेवू नका. त्या युजरने मशीनवर बसून 'हूएमआय' कमांड चालवावी, उत्तर येतं ते खरं.

मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर आणखी एक वळसा. 'हूएमआय' इथे ईमेलची पहिली पाच अक्षरं दाखवतं, पण लॉगिन करताना 'मायक्रोसॉफ्टअकाउंट', उलटी रेघ आणि पूर्ण ईमेल असं लिहावं. पासवर्डही मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा. रोज ऑफिसात टाकतो तो चार किंवा सहा आकडी पिन इथे चालत नाही, तो पिन त्या एका मशीनपुरता असतो. मशीन पहिल्यापासून पिनवरच चालवलं असेल तर खरा पासवर्ड त्याला कधी दाखवलेलाच नसतो, आणि मग बरोबर पासवर्डही चूक ठरतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटला फक्त विंडोज हॅलोनेच साइन-इन करू देणारं बटण आहे. ते बंद करायचं, मशीन लॉक करायचं आणि मशीनसमोर बसून एकदा पिनऐवजी पासवर्ड टाकून आत यायचं. त्यानंतर लांबूनही चालतं.

एंट्रा आयडीला, म्हणजे ऑफिसची खाती क्लाउडवर सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेला (पूर्वीच्या अझ्युअर एडीला), जोडलेल्या मशीनवर खिडकीतून युजर सापडत नाही. तिथे नेट लोकलग्रुपच्या कमांडमध्ये 'अझ्युअरएडी', उलटी रेघ आणि ऑफिसचा पूर्ण ईमेल असं नाव लिहून घालावं लागतं.

मशीन स्वतः काय म्हणतंय

वरच्या सगळ्यानंतरही अडलं तर अंदाज बंद आणि इव्हेंट व्ह्यूअर चालू. समोरच्या मशीनवर, म्हणजे जिथे लॉगिन करायचंय तिथे, विंडोज लॉग्ज आणि त्यात सिक्युरिटी. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' दाबून ४६२५ आणि ४८२५ हे दोन आकडे स्वल्पविराम देऊन टाका. नोंदच सापडत नसेल तर सेकपॉलमध्ये लोकल पॉलिसीज, ऑडिट पॉलिसी, 'ऑडिट लॉगऑन इव्हेंट्स' मध्ये फेल्युअरची टिक करून पुन्हा एकदा लॉगिनचा प्रयत्न करायला सांगा.

४८२५ दिसला तर पहिलं कुलूप. ग्रुप तपासा.

४६२५ दिसला तर तो उघडून तीन गोष्टी बघायच्या: अकाउंट नेम, लॉगऑन टाइप आणि स्टेटस–सब स्टेटस. अकाउंट नेममध्ये तुम्हाला अपेक्षित नाव आणि डोमेन आहे का, हे आधी बघा, निम्म्या केसेस इथेच सुटतात. लॉगऑन टाइप १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं प्रत्यक्ष लॉगिन, ३ म्हणजे त्याआधीची नेटवर्कवरची तपासणी, जी एनएलए करतं.

स्टेटसचा कोड आठ अक्षरी असतो, पण शेवटची तीनच अक्षरं वाचली तरी पुरतं. सब स्टेटस सगळे शून्य असेल तर स्टेटसमधली घ्या. '०६४' म्हणजे त्या नावाचं खातंच नाही. '०६ए' म्हणजे पासवर्ड चुकला. '०७२' म्हणजे खातं डिसेबल केलेलं. '२३४' म्हणजे चुकीच्या प्रयत्नांमुळे लॉक झालेलं. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मुळातच १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटं लॉक होतं, तेव्हा चहा घेऊन या आणि मग प्रयत्न करा. जुन्या पासवर्डने सेव्ह केलेला एखादा शॉर्टकट कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून असेल तर तो हे लॉक पुन्हा पुन्हा लावत राहतो. नोंदीतलं वर्कस्टेशन नेम आणि सोर्स नेटवर्क ऍड्रेस बघितला की तो लॅपटॉप कुणाचा ते कळतं.

'२२४' आला तर पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती आहे. ही खास ओळखून ठेवावी. 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' मधून नवा लोकल युजर बनवताना "युजर मस्ट चेंज पासवर्ड ऍट नेक्स्ट लॉगऑन" ही टिक आधीपासूनच असते. एनएलएमध्ये पासवर्ड बदलायला पडदाच मिळत नाही, त्यामुळे नव्या युजरचं पहिलंच लॉगिन लांबून असेल तर ते कधीच होणार नाही. टिक काढा, किंवा त्याला एकदा मशीनसमोर बसवून पासवर्ड बदलून घ्या.

'०६ई' मध्ये बहुतेक वेळा पासवर्ड कोरा असतो. कोऱ्या पासवर्डचं खातं फक्त मशीनसमोर बसूनच चालतं, अशी पॉलिसी मुळात चालूच असते. ती बंद करण्याचे उपाय नेटवर भरपूर सापडतील. करू नका, पासवर्ड ठेवा.

'०७०' जरा चकवणारा. डोमेनमध्ये युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लॉग ऑन टु' मध्ये ठरावीक मशीनची नावं लिहिली असतील, तर एनएलएमुळे युजर ज्या मशीनवरून येतोय त्याचं नावही त्या यादीत लागतं. टॅली सर्व्हरचं नाव यादीत आहे, घरच्या लॅपटॉपचं नाही, म्हणून नकार.

आणि '१५बी'. खातं बरोबर, पासवर्ड बरोबर, पण या प्रकारच्या लॉगिनचा हक्क नाही. लॉगऑन टाइप १० असेल तर दुसरं कुलूप, म्हणजे "अलाउ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस" बघा. टाइप ३ असेल तर त्याच यादीतली "ऍक्सेस धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क" ही नोंद बघा. सिक्युरिटी घट्ट करायच्या नादात कुणीतरी तिथून एव्हरीवन आणि युजर्स काढून फक्त ऍडमिनिस्ट्रेटर्स ठेवलेले असतात. मग ऍडमिन आत जातो, बाकी सगळे बाहेर, आणि ग्रुपची यादी कितीही वेळा तपासली तरी बरोबरच दिसते. एव्हरीवन परत घालायची गरज नाही, तिथे 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' घातला की पुरतं.

'१५बी' असताना याच दोन नोंदींच्या डिनाय आवृत्त्याही उघडून बघा: "डिनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस" आणि "डिनाय ऍक्सेस टु धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क". डिनाय कायम अलाउच्या वरचढ. मायक्रोसॉफ्टची सिक्युरिटी बेसलाइन (सुचवलेल्या सुरक्षा सेटिंग्जचा संच) लावलेल्या डोमेनमधल्या मशीनवर पहिल्या यादीत 'लोकल अकाउंट' असं लिहिलेलं सापडतं. त्याचा अर्थ त्या मशीनवरचं कोणतंही लोकल खातं रिमोटने येऊ शकत नाही, मग ते ऍडमिनिस्ट्रेटर का असेना. ऍडमिन करूनही जमलं नाही अशी केस आली की मी आधी इथेच बघायला सांगतो. आणि डिनायमध्ये चुकूनही एव्हरीवन घालू नका. तुम्हीही एव्हरीवनमध्येच येता.

काल संध्याकाळी चाललं, आज सकाळी नाही

हे लक्षण दिसलं की ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनमधून मशीनवर आपोआप लागू होणाऱ्या सेटिंग्ज. डोमेनमधल्या मशीनवर तुम्ही हाताने युजर घातलात, तो आत गेला, सगळे खूश. मध्ये कधीतरी पॉलिसी पुन्हा लागू झाली आणि ग्रुपची यादी तिच्या मनासारखी झाली. साधारण पॉलिसी दर ९० मिनिटांनी, अधिक ० ते ३० मिनिटं, ताजी होते. पण पॉलिसीत बदल झालेला नसेल तर सिक्युरिटीचा भाग दर वेळी लावला जात नाही, तो दर १६ तासांनी सक्तीने पुन्हा लावला जातो. म्हणून संध्याकाळी पाचला दिलेली परवानगी रात्रभर टिकते आणि सकाळी नऊच्या आत नाहीशी झालेली असते.

गुन्हेगार बहुधा 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स'. त्यात "मेंबर्स ऑफ धिस ग्रुप" मध्ये नावं लिहिली की यादी तेवढीच राहते, बाकी नावं पुसली जातात. त्याऐवजी "धिस ग्रुप इज अ मेंबर ऑफ" वापरलं तर नावं फक्त वाढतात. ग्रुप पॉलिसीच्याच प्रेफरन्सेस भागातल्या 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स' मध्ये "डिलीट ऑल मेंबर युजर्स" ची टिक असली तरी हाच परिणाम.

युजर राइट्सच्या नोंदींचं आणखी एक वैशिष्ट्य असं की दोन पॉलिसींमधल्या याद्या एकत्र होत नाहीत. एका पॉलिसीत अकाउंट्सचा ग्रुप लिहिला आणि दुसरीत एचआरचा, तर जी पॉलिसी शेवटी लागू होते तिचीच यादी खरी. उरलेल्या पॉलिसीतले सगळे बाहेर. सेकपॉलमध्ये एखाद्या नोंदीचं ऍड बटण दाबताच येत नसेल तर ती नोंद वरून, डोमेनमधून येतेय असं समजा आणि लोकलवर डोकं आपटू नका.

कोणती पॉलिसी जिंकली हे बघायला ऍडमिन प्रॉम्प्टवर: जीपीरिझल्ट /एच, मग फाइलचं नाव, ज्याच्या शेवटी एचटीएमएल. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की कॉम्प्युटरच्या भागात युजर राइट्स असाइनमेंट आणि रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स दिसतात, आणि प्रत्येक ओळीसमोर 'विनिंग जीपीओ' चं, म्हणजे जिंकलेल्या ग्रुप पॉलिसीचं, नाव. बदल तिथे करायचा. मग समोरच्या मशीनवर 'जीपीअपडेट /फोर्स'.

रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचं (आरडीएस) पूर्ण सेटअप असेल, म्हणजे सेशन होस्ट (अनेक जण लांबून बसतात ते सर्व्हर) आणि कलेक्शन (त्यांचा गट), तर एकेका सर्व्हरवर जाऊन ग्रुपमध्ये नावं घालत बसू नका. सर्व्हर मॅनेजरमधल्या कलेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'युजर ग्रुप्स' आहे. तिथे घातलेला ग्रुप सगळ्या होस्टवर पोचतो.

परवानगीसारखं दिसणारं, पण परवानगीचं नसलेलं

विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, मशीनसमोर नाहीतर लांबून. दुसरा आला की पहिल्याला बाहेर काढू का, असं विचारतं. परवानगी देऊन हे बदलत नाही. सर्व्हरवर आरडीएसची भूमिका न लावता दोन सेशन मिळतात, तेही कारभारासाठी. जास्त माणसं बसवायची तर सेशन होस्ट आणि प्रत्येकासाठी कॅल, म्हणजे जोडण्याचं लायसन्स, लागतं. लायसन्स सर्व्हरशिवाय १२० दिवसांची सवलत असते, ती संपली की काल चालणारे सगळे एकदम बाहेर. विंडोजची डीएलएल फाइल बदलून एका पीसीवर पाच जण बसवणारे जुगाड बाजारात मिळतात. ते लायसन्समध्ये बसत नाहीत, आणि विंडोज अपडेटने ती फाइल बदलली की सकाळी सगळं ऑफिस खोळंबतं. नेमकं जीएसटी रिटर्नच्या तारखेला.

डोमेन युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस प्रोफाइल' नावाच्या टॅबवर डिनायची एक चौकट असते, तीही एकदा बघून घ्या. तिथे कुणी जात नाही म्हणून वर्षानुवर्षं टिक तशीच राहते. 'प्रोटेक्टेड युजर्स' ग्रुपमधलं खातं आयपी ऍड्रेस टाकून जोडलं तर नकार मिळतो, कारण त्या खात्याला ओळख पटवण्याची जुनी पद्धत, एनटीएलएम, बंद असते आणि कर्बेरॉस या दुसऱ्या पद्धतीला मशीनचं नाव लागतं. आयपीऐवजी नाव टाका.

आता ऍडमिनिस्ट्रेटर करून टाकण्याबद्दल. ते चालतं कारण त्या ग्रुपकडे दोन्ही किल्ल्या मुळातच आहेत. पण बऱ्याच ऑफिसांत ऍडमिन करण्याचं खरं कारण वेगळंच असतं: साध्या युजरने आत येऊन टॅली उघडलं तर डेटा लिहिला जात नाही. त्यावर उपाय रिमोटच्या परवानगीत नाही. डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर त्या युजर्सच्या ग्रुपला 'मॉडिफाय' द्या. 'फुल कंट्रोल' नको, त्याने परवानग्या बदलायचाही हक्क युजरला मिळतो. ऍडमिन केलेल्या अकाउंटंटने चुकीची अटॅचमेंट उघडली तर रॅन्समवेअरलाही ऍडमिनचेच हक्क मिळतात, अँटीव्हायरस बंद करण्यापासून बॅकअपचा ड्राइव्ह पुसण्यापर्यंत. ३३८९ पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडून दिलेला असेल तर अटॅचमेंटचीही गरज उरत नाही, पासवर्ड ओळखून बघणारी यंत्रं दिवसरात्र तेच करत असतात. व्हीपीएन लावा, पोर्टचा नंबर बदलून भागत नाही.

सगळं दुरुस्त केल्यावर युजरला आत घेऊन 'हूएमआय /ग्रुप्स' चालवायला सांगा. यादीत 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' हवा, ऍडमिनिस्ट्रेटर्स नको. मशीन डोमेनमध्ये असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेट लोकलग्रुपने यादी पुन्हा एकदा काढा. नाव तिथेच असेल तरच तक्रार बंद करा.